काळी गाडी, खारं पाणी आणि तीन डबे

गाडी २०१८ची, काळी हॅचबॅक, मागच्या वर्षी सेकंडहँड घेतलेली. मुक्काम लातूर. रोज रेणापूर तालुक्यातल्या शाळेत जाऊन-येऊन ५२ किलोमीटर, त्यातले शेवटचे चार कच्चे. गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी, बाकी सगळी भिस्त बोअरवर. काळी गाडी घेऊ नको असं सगळ्यांनी सांगितलं होतं. घेतली. आता तिचा रंग जपायला वर वॅक्स, म्हणजे मेणाचा थर, लावायचं की सीलंट, म्हणजे पॉलिमरचा थर, हे स्वतः लावून बघतेय. कुणाला असंच करायचं असेल तर माझ्या चुका तरी वाचतील.

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

दसऱ्याला बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, ते पंधरा दिवस तसंच राहिलं. हळद उन्हानं आपोआप उडाली. कुंकवाचा गुलाबी डाग मात्र शाम्पूनं तीनदा धुऊनही पुसटसा दिसतोच. रंगावर काही थर असता तर डाग त्या थरावर बसला असता.

म्हणजे थर नव्हता. आधीच्या मालकानं दिलेल्या कागदांत ‘टेफ्लॉन कोटिंग’चं ४,५०० रुपयांचं बिल आहे. टेफ्लॉन वितळतं ३२७ अंशांना. तव्यावर ते बसवतात तेव्हा कारखान्यात भट्टी लागते. गाडी धुण्याच्या शेडमध्ये फडक्यानं चोळून ते रंगाला कसं धरणार? त्या बाटलीतलं जे काही चकाकलं असेल ते साधं वॅक्स किंवा सिलिकॉन, आणि ते केव्हाच धुऊन गेलं.

आज नुसती धुतली. पाच बादल्या पाणी, साधारण ७५ लिटर. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव आहे. गेटाबाहेर वाहणारा ओघळ बघून मलाच लाज वाटली. पाणी कमी करणं हाही या कामाचा भाग, हे आजच वहीत लिहून ठेवलं.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

पहिली मोठी चूक. गंजगोलाईजवळच्या एका दुकानातून ‘वॅक्स पॉलिश’ म्हणून ३२० रुपयांचा डबा आणला. बोटांवर घेऊन चोळलं तर बारीक खरखर लागली. तरी लावलं. ते वॅक्स नव्हतंच, रबिंग कंपाऊंड होतं. रंग घासून चमक काढणारं. नव्या माणसानं एवढं लक्षात ठेवावं: पॉलिश रंगाचा थर कमी करतं, वॅक्स आणि सीलंट वर थर चढवतात. डब्यावर दोन्ही शब्द असले तर बोटांत चोळून बघा.

पण त्या चुकीतून एक गोष्ट कळली. बॉनेटवर घासताना फडकं मळकट-पांढरं राहिलं. डाव्या पुढच्या दारावर घासताच काळं कुळकुळीत झालं. आताच्या बहुतेक गाड्यांना रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो, त्यामुळे फडक्याला रंग लागत नाही. लागला म्हणजे त्या दारावर क्लिअर कोटच नाही.

संध्याकाळी ओवाळून घ्यायला मावसभाऊ आला. तो गॅरेजात असतो, म्हणून त्याला रंगाची जाडी मोजायचं मीटर घेऊन यायला सांगितलं. बॉनेट ११२ मायक्रॉन, छत १०८, उजवी दारं ११५ च्या आसपास. डावं पुढचं दार २९०. कुठंतरी ठोकून पुन्हा रंगवलंय, आणि विकणाऱ्यानं तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. ११२ मध्ये क्लिअर कोटचा वाटा साधारण चाळीस मायक्रॉनचा, म्हणजे स्वयंपाकघरातल्या फॉइलच्या दोन-तीन पदरांएवढाच. त्यावर मी कंपाऊंड घासत होते. डबा माळ्यावर टाकला.

५ नोव्हेंबर

रंग आधी साफ करायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून धुतलेल्या बॉनेटवरून फिरवला, तर वाळूकागदासारखं लागलं. नुसत्या हाताला हे कळत नाही, पिशवीतून कळतं.

आयर्न रिमूव्हर मारला. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतलेले असतात, त्यांच्याशी लागला की हा द्राव जांभळा होतो. मागच्या दाराच्या खालून जांभळे ओघळ वाहायला लागले. वास सडक्या अंड्याचा, शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. तीन-चार मिनिटांत धुवायचं, वाळू द्यायचं नाही.

मग क्ले, म्हणजे रंगात रुतलेली घाण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा. शाम्पूच्या पाण्यानं पृष्ठभाग बुळबुळीत ठेवून हलक्या हातानं फिरवायचा. दोन पॅनेलं छान झाली, तिसऱ्याला गोळा हातातून निसटून खाली पडला. झटकला, पुन्हा वापरला. उजव्या मागच्या दारावर दीड वीत लांबीचे तीन ओरखडे. पडलेला क्ले टाकूनच द्यायचा. अर्धा गोळा आधीच कापून बाजूला ठेवला असता तर अडले नसते. मला आता उरलेल्या गाडीसाठी नवा आणावा लागणार, ४५० रुपये आणि पाच दिवस जाणार.

उन्हात बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल बारीक ओरखडे सगळीकडे दिसतात. सकाळी कोरडं फडकं मारायच्या सवयीचे हे. मशीननं काढता येतील, पण चाळीसातले काही मायक्रॉन देऊन. नको. राहू देत.

१० नोव्हेंबर, रविवार

आज लावायचा दिवस. बॉनेटवर टेप लावून तीन पट्टे केले.

ड्रायव्हरच्या बाजूला कार्नौबा वॅक्स, २०० ग्रॅमचा डबा, ७९० रुपये. हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ८२ ते ८६ अंशांना वितळतं, आपलं मधमाशीचं मेण ६२-६४ लाच. मध्ये पॉलिमर सीलंट, १,६५० रुपये. डावीकडे सिलिकावाला स्प्रे, ६९० रुपये. सिरॅमिक कोटिंगचं, म्हणजे काचेसारख्या कडक थराचं, एका दुकानदारानं १८,००० सांगितलं, तिथूनच परत आले.

कार्नौबा तीन तुरीच्या दाण्यांएवढं घेतलं तरी पट्टा होतो. भुरकं झालं की त्यावर बोट ओढायचं. रेघ स्वच्छ उमटली तर पुसायची वेळ झाली, रेघ चिकट फासली तर थांबायचं. हे जमलं. सीलंट मात्र मी महाग आहे म्हणून सढळ हातानं लावलं. सकाळचे साडेदहा झाले होते, ऊन बॉनेटवर आलं, आणि तो जाड थर असा वाळला की पुसताना घाम निघाला. ते पुन्हा थोडं ओलं सीलंट लावून मऊ करून काढावं लागलं. पातळ लावलं तरी काम तेवढंच करतं. जास्तीचं नुसतं फडक्यात जातं.

छतावर दोन्हींचा फायदा घ्यावा म्हणून सीलंट पुसल्या पुसल्या वर कार्नौबा फिरवलं. तासाभरात पट्टे-पट्टे, तेलकट ढग. सीलंटला स्वतः घट्ट बसायला वेळ लागतो, माझ्या बाटलीवर १२ तास लिहिलंय आणि ते मी नंतर वाचलं. वॅक्समधल्या तेला-द्रावकानं खालचं कच्चं सीलंट उकरून काढलं. छत पूर्ण धुऊन पुन्हा केलं. दीड तास वाया.

वायपरखालच्या काळ्या प्लॅस्टिकवर वॅक्स लागून पांढरे डाग राहिले. ब्रश, शाम्पू, सगळं करून झालं. शेवटी पर्समधला शाळेचा खोडरबर घेतला. निघाले. पुढच्या वेळी आधीच टेप.

दिसायला पहिल्या दिवशी कार्नौबा सगळ्यात देखणं. काळ्यात खोली येते, विहिरीत वाकून बघितल्यासारखी. सीलंटची चमक काचेसारखी, जरा कोरडी.

२४ नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानाची ड्युटी होती. १९ ला साहित्य घ्यायला गेले तेव्हापासून २० च्या रात्रीपर्यंत गाडी तालुक्याच्या मैदानावर. शेकडो गाड्यांची धूळ, वर कुणाच्या तरी चहाचा कप. दोन दिवस झोपूनच काढले.

आज सकाळी उठून बाहेर आले तर मामंजी गाडी पुसतायत. हातात डिझेलचं फडकं.

“मामंजी, काय केलंत हे!”

“काय केलं? तीस वर्षं जीप हाणली मी. डिझेलच्या फडक्यावर कशी चकाकायची. तू त्या डबड्यात पैसे घालवलालीस.”

चकाकत होती, खोटं कशाला बोलू. डिझेलचा तेलकट थर आहे, चकाकणारच. आणि दुपारपर्यंत सगळी धूळ त्यावर चिकटणार. शाम्पूनं धुऊन एक तांब्या पाणी सोडलं. कार्नौबाच्या पट्ट्यावर पाणी नुसतं पसरून बसलं, थेंब धरेना. डिझेलनं मेण विरघळवून नेलं. सीलंट अर्धंमुर्धं शिल्लक. चौदा दिवसांचा प्रयोग संपला.

१ डिसेंबर

तिन्ही पट्टे पुन्हा, पहिल्यापासून. या वेळी सकाळी सातला, सावलीत, पातळ. पन्नास मिनिटांत झालं. हिशेब आजपासून धरायचा.

मामंजी दुरून बघत होते. नंतर आतून त्यांचा बॅटरीवरचा फवारणी पंप आणून ठेवला, १६ लिटरचा. “पाणी वाचवायचंय ना तुला? बादल्या कशाला ओततीस?” पंपानं तणनाशक मारत नाहीत, हे तीनदा विचारून घेतलं. शेतात तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवलाय म्हणाले. तरी दोन वेळा साबणानं खळबळून काढला, १२० रुपयांचं नवं नोझल घातलं.

हे या सगळ्या कामातलं सगळ्यात चांगलं हत्यार निघालं. खालून वर असा फवारा मारून धूळ भिजवायची, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा मारायची. हात न लावताच निम्मी माती उतरते. मग अर्धी बादली शाम्पूचं पाणी आणि सहा मायक्रोफायबर फडकी. प्रत्येक पॅनेलला फडक्याची नवी घडी, वापरलेली बाजू पुन्हा बादलीत नाही. उरलेल्या पाण्यानं धुऊन काढायचं. एकूण २४ लिटर.

३० डिसेंबर, वेळ अमावस्या

शेतावर गेलो. आंबील, भज्जी, उंडे, सगळं पोटभर. गाडी ज्वारीच्या कडेला उभी. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक, आणि त्यावर साखर कारखान्याची काजळी. गाळप सुरू झाल्यापासून शाळेसमोर उभी केली की दुपारपर्यंत काळे तंतू पडलेले असतात, उसाच्या चिपाडाची जळकी राख. पहाटेच्या दवात ती भिजली की चिकटते. कोरड्या फडक्यानं पुसलं तर रंगावर रेघा ओढल्यासारखंच.

एक महिन्यानंतरचा निकाल, एक पंप मारून, हात न लावता: सीलंटवरून काजळी जवळजवळ सगळी गेली. स्प्रेच्या पट्ट्यावरूनही. कार्नौबावर तंतू चिकटून राहिले, फडकं लावावं लागलं. इथून माझं मत बदलायला लागलं. चमक मी रविवारी तासभर बघते. काजळी रोज पडते. फडकं जितकं कमी लागेल तितकं बरं.

१२ जानेवारी २०२५

कार्नौबाचा थर गेला. सहा आठवडे. पाण्याचे थेंब धरत नाही, पसरट चादर होऊन अडकतं. बाकी दोन्ही ठीक.

२ फेब्रुवारी

स्वतःच्या हुशारीनं केलेली चूक. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवते, म्हटलं यातच गाडी धुऊ. धुतली, उन्हात उभी केली, आत जाऊन चहा केला. परत आले तर सगळ्या बॉनेटवर पांढरी वर्तुळं, देवीचे व्रण असावेत तशी.

पाण्यात विरघळलेला क्षार मोजणारं २४० रुपयांचं टीडीएस मीटर मागवलं. बोअरचं पाणी ९१०. आरओनं टाकलेलं १,६४०. साहजिकच आहे, मशीन चांगलं पाणी आपल्याला देतं आणि सगळा क्षार त्या नळीतून बाहेर घालवतं. मी तोच क्षार उचलून काळ्या रंगावर वाळत घातला. विज्ञान शिकवते मी, सहावी-सातवीला.

सगळ्यात वाईट डाग स्प्रेच्या पट्ट्यावर. त्याच्यावर थेंब गोल, टपोरे उभे राहतात, जाहिरातीत दाखवतात तसे. पण टपोरा थेंब जागेवर वाळतो आणि आपला क्षार जागेवर सोडतो. सीलंटवरचं पाणी एकत्र होऊन घसरून जातं, तिथं डाग निम्मे. थेंब किती गोल उभा राहतो यावर लोक बाटली निवडतात. खाऱ्या पाण्याच्या गावात पाणी किती लवकर निघून जातं ते बघायला हवं.

९ फेब्रुवारी

पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच आरओचं चांगलं पाणी, फडकं भिजवून मिनिटभर डागावर ठेवलं, लगेच धुतलं. ऐंशी टक्के गेले. उरलेले दोनदा करून. काही वर्तुळांच्या कडा रंगात कोरल्या गेल्या आहेत, त्या आता पॉलिशशिवाय जाणार नाहीत.

व्हिनेगर थरालाही खातं. तिन्ही पट्ट्यांवर सारखाच हात फिरला, म्हणून प्रयोग थांबवला नाही. 

१६ फेब्रुवारी

स्प्रेचा थर गेला. अकरा आठवडे. सीलंट अजून चालू.

२० मार्च

काल रंगपंचमी. पोरांच्या हाताचे पंजे दारांवर, हिरवे आणि जांभळे. सीलंट लावलेल्या दारांवरून पंपानं उतरले. डावं पुढचं दार, ते २९०वालं, तिथं हिरवी छटा राहिली. तो रंग कोरडा पडलाय, काहीही पितो.

२० एप्रिल

शाळेत दोनच जागा: चिंचेखाली, नाहीतर उन्हात. चिंचेखाली पक्षी. मी सावली निवडली आणि शुक्रवारी छतावर पडलेली विष्ठा सोमवारपर्यंत राहू दिली. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून अलगद उचलली, पण खाली रंग सुरकुतलेला. सीलंट होतं तरीही. आता गाडीत पाण्याची बाटली आणि एक फडकं कायमचं ठेवलंय, दिसली की तिथल्या तिथं.

उन्हात बॉनेट किती तापतं बघावं म्हणून कोरोनात शाळेला आलेली तापमानाची बंदूक लावली. तिनं ‘हाय’ असं लिहून दाखवलं आणि गप्प बसली. माणसाच्या तापापलीकडे तिला मोजता येत नाही. हात मात्र क्षणभरही ठेववत नव्हता.

१८ मे

सीलंट गेलं. १ डिसेंबरपासून साडेपाच महिने, व्हिनेगर, काजळी आणि लातूरचा उन्हाळा काढून.

पाण्याचा उपाय सापडला. एसीची नळी बादलीत सोडली, रात्रीत सहा-सात लिटर जमतं. मीटरवर १८. हे हवेतल्या बाष्पाचं पाणी, क्षार जवळजवळ नाहीच. बोअरनं धुवायचं आणि शेवटचा हात एसीच्या पाण्याचा. डाग शून्य. बॅटरीवाल्यानंही मागितलं थोडं. त्याला दिलं नाही, त्यातही धूळ आणि तांब्याच्या नळीचा अंश असतो, बॅटरीला त्यानं डिस्टिल्डच घ्यावं.

१५ जून

उद्यापासून शाळा. पाऊस यंदा मे मध्येच आला, त्यामुळे सीलंट लावायला कोरडा दिवस मिळेना. लावल्यावर रात्रभर तरी पाणी लागायला नको. तीन रविवार हुकले. आज शेजाऱ्यांच्या पोर्चमध्ये गाडी घेऊन पूर्ण गाडीला लावलं. सव्वा दोन तास, आणि बाटली अजून निम्मी आहे.

६ जुलै, आषाढी एकादशी

खर्च एकदाचा मांडला. शाम्पू ३५०, माती तळाशी अडकवणाऱ्या बादलीतल्या जाळ्या ३६०, फडकी ७२०, क्ले दोनदा ९००, आयर्न रिमूव्हर ५८०, कार्नौबा ७९०, सीलंट १,६५०, स्प्रे ६९०, मीटर २४०, नोझल १२०, माळ्यावरचं कंपाऊंड ३२०. एकूण ६,७२०. पुन्हा करायचं झालं तर कार्नौबा, एक क्ले आणि कंपाऊंड वगळून ५,१६० मध्ये भागेल.

आता असं चाललंय: सीलंट वर्षातून दोनदा, दसऱ्याआधी आणि उन्हाळा उतरताना. स्प्रे दर तिसऱ्या धुण्याला, ओल्या गाडीवरच, दहा मिनिटांत; पण त्या दिवशी शेवटचं पाणी एसीचंच. कार्नौबाचा डबा भरलेला आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बॉनेटवर एक हात देईन, आणि कुंकू थेट रंगावर न काढता आंब्याच्या पानावर काढून ते पान ठेवेन. मामंजींना हे अजून सांगितलेलं नाही.

डावं दार तसंच आहे. मावसभाऊ म्हणतो पुन्हा रंगवू, पण मग ताज्या रंगाला श्वास घ्यायला दोन-तीन महिने त्यावर वॅक्स-सीलंट काहीच लावता येणार नाही, आणि समोर गाळप. मार्चनंतर बघू.

डिझेलचं फडकं मामंजींनी शेतावरच्या मोटरसायकलच्या चेनला ठेवलंय. आज सकाळी मात्र गाडीपाशी उभे होते, हातात पंप. “अगं, वरून मारू का खालून?” म्हणाले.

खालून, म्हटलं.